फातीवाला बादशहा आणि आत्येचा कोंबो

अन्याय झाला तो शेवंती परब हिच्यावर. राहणार धारगळ, तालुका पेडणे. धंदा महामार्गाच्या कडेला रोस-आमलेटचा गाडा. नाते माझी सख्खी आत्ये. केव्हा झाला? गणेशचवथीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी साडेअकराला, डिचोलीच्या एका सभागृहात, प्रमुख पाहुणे यायच्या जरा आधी. कोणी केला? एका वारसा मंडळाने. मंडळाचे नाव मी छापत नाही, कारण बाबा म्हणतात, वकिलाची नोटीस इंग्रजीत येते आणि ती घरच्यांना वाचून दाखवायला मलाच बसावे लागेल. पुरावा काय? पुठ्ठ्याचे एक कार्ड. त्यावर छापलेले: ‘पोर्तुगीजकालीन पदक. दाता अज्ञात.’ हे कार्ड टेबलावर मांडलेले होते तेव्हा दाता त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. नवी साडी, डोक्यात अबोलीची फाती, आणि फोटो काढतील म्हणून दोनदा पुसलेले तोंड.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि आत्येकडे राहत होते. आई-बाबा शिरगावला, कारण बाबा दोडामार्गाकडून खाणीवर टिपर चालवायला आलेले. मला धारगळला ठेवले कारण महामार्गावरून म्हापशाची बस मिळते. मिळते म्हणजे दिसते. थांबत नसे. माझे सार्वजनिक आयुष्य तिथूनच सुरू झाले. ‘धारगळला बस थांबलीच पाहिजे!’ हे माझे पहिले पत्रक. मीच लिहिले, कॉलेजजवळ झेरॉक्स काढली आणि आत्येच्या गाड्यावर पावाबरोबर वाटले. तेल टिपायला बरा कागद म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचे स्वागत केले. पत्रके लिहिता लिहिता माणसाला एक सवय लागते, आधी आरोपी शोधायचा आणि मग पुरावा. आता पस्तिशी आली, तरी ती सवय गेली नाही, आणि जावी असे मला वाटतही नाही. बस अजूनही मनात आले तरच थांबते.

आत्येचे यजमान बोटीवर आचारी. घरात एरवी आम्ही दोघीच, आणि घर म्हणजे पुढे गाडा, मागे दोन खोल्या. पहाटे पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की आत्ये अंथरुणातूनच ओरडायची, “उंडे चड घे गो, आज आयतार!” मग पाट्यावर खोबरे, धने, लवंगा, सुक्या मिरच्या. मिक्सर होता, पण तो काकांनी बोटीवरून आणलेला म्हणून कपाटात, प्लास्टिकमध्ये. पाट्याचा घरंगळता आवाज, त्यावर महामार्गावरच्या ट्रकांचे ब्रेक, आणि कांदा चिरणारी मी, डोळ्यांतून धारा. त्या कांद्याचा वास माझ्या कॉलेजच्या पुस्तकांना इतका बसला होता की लायब्ररीत शेजारची मुलगी ‘आज काय भाजी?’ असे विचारी. रोसाचा रस्सा उकळायला लागला की आत्ये त्यात कुलेर बुडवून तळहातावर थेंब घेई, चाटे, आणि दर वेळी तेच म्हणे, “मीठ कमी. जगात सगळ्याक मीठ कमी.” खाण बंद पडल्यावर बाबाही रोज शिरगावहून स्कूटरने यायला लागले. मदतीला, असे ते म्हणत. ते उंडे भाजत आणि गिऱ्हाइकांशी राजकारण बोलत, त्यामुळे उंडे एका बाजूने काळे आणि गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी तापलेले.

चुलीवरच्या फळीवर एक करवंटी असे. त्या करवंटीत, हळदकुंकवाच्या थरात, एक तांब्याचे नाणे. रुपयापेक्षा जरासे मोठे, काळपट-हिरवे, कडा वेड्यावाकड्या. आत्येला ते शापोरा नदीत सापडले होते. ओहोटीला ती इतर बायकांबरोबर तिसरे, म्हणजे खायचे शिंपले, काढायला जायची. गुडघाभर चिखलात पायाच्या बोटांनी चाचपून तिसरे ओळखायची. एकदा बोटाला लागले ते शिंपले नव्हते. तिने ते पदरात टाकले, घरी येऊन तिसऱ्यांबरोबरच धुतले आणि बघते तर काय, नाण्यावर होडी, होडीत उभा माणूस आणि माणसाच्या हातात कोंबो. तुरेवाला कोंबडा! आता आमच्याकडे माणूस हातात कोंबो घेऊन कुठे निघतो? गावच्या राखणदार देवाला मान द्यायला. दुसरे कशाला? आत्येची खात्री पटली की हे नाणे राखणदाराचे आहे आणि चुकून तिच्या पायाखाली आले आहे. तेव्हापासून ती दर वर्षी त्या नाण्याच्या नावाने एक कोंबो देई. राखणदाराला वास, आम्हाला रस्सा.

नाण्याच्या दुसऱ्या बाजूला एक चेहरा होता, उजवीकडे बघणारा. डोक्याभोवती मण्यांची ओळ आणि मागे गाठीची दोन टोके लोंबकळलेली. आत्ये म्हणायची, ही बाई. फाती माळलेली बाई, मानेमागे दोरा सुटलेला. बाबा म्हणायचे, हा बुवा. यावर आमच्याकडे इतक्या वेळा भांडण झाले की मी ते तोंडपाठ म्हणू शकते.

“नाक बघ तिचा. बापयाचा नाक असा आसता?” आत्ये.

“तुझा नाक बघ आधी. तुका लोक काय म्हणतत?” बाबा.

“आणि होडयेच्या पाठी बसलेली कोण मगे? ती वलव्याक हात घालून बसलेली? तीय बापयोच?”

होडीच्या मागच्या टोकाला खरोखरच एक बाई होती. सुकाणू धरून बसलेली, आणि तिच्या पाठीमागे काहीतरी पसरलेले. आत्ये म्हणे, पदर उडाला वाऱ्यावर. “बापयो फुडे कोंबो घेवन उभो. होडी चलयता ती बायल. आमच्याच घरची कथा ती.” आणि ती माझ्याकडे बघून डोळा मारी. काका बोटीवर होते, त्यामुळे त्यांची बाजू मांडायला कोणी नव्हते.

मंडळाचे अध्यक्ष गाड्यावर आले ते रोस-आमलेट खायला. त्यांना सगळे नानासर म्हणत. निवृत्त, पांढराशुभ्र झब्बा, आणि बोलताना प्रत्येक वाक्याला ‘अर्थातच’ लावायची सवय. हात धुवायला आत आले आणि त्यांना करवंटी दिसली. त्यांनी नाणे उचलले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली ओढला. “हे अर्थातच जुने आहे. आमच्या प्रदर्शनाला द्या. दोन दिवसांसाठी. मानाने ठेवू.” आत्येने राखणदाराला विचारले, म्हणजे डोळे मिटून दोन क्षण गप्प बसली, आणि हो म्हणाली. एकच अट घातली. “माझा नाव लिवा. शेवंती परब, धारगळ. गावाक कळूंदे.” नानासर म्हणाले, “अर्थातच.” ते उरलेला उंडो रोसात पुसून खात होते. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

शनिवारी आम्ही तिघे स्कूटरवर डिचोलीला गेलो. बाबा पुढे, मी मध्ये, आत्ये मागे, फाती विस्कटू नये म्हणून मान ताठ. सभागृहात लाल मखमलीचे टेबल, त्यावर जुनी कुलपे, पानाचे डबे, कंदील, आणि मधोमध प्लायवूडच्या फळीवर आमचे नाणे. होडीची बाजू वर. पडू नये म्हणून सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले! गोंद कडेने वर आला होता आणि होडीच्या खालचा भाग त्यात बुडालेला. त्याच्यापुढे ते कार्ड. मी वाचले, पुन्हा वाचले. आत्येला अक्षरे लागायची, पण सावकाश. ती ओठ हलवत शेवटच्या शब्दापर्यंत आली आणि थांबली.

“अज्ञात म्हणजे कोण गो?”

“माहीत नसलेला, आत्ये.”

“मी हय उभी असा मगे.”

मी नानासरांकडे गेले. ते म्हणाले, कार्डे आधीच छापून आली, आणि अर्थातच नाव महत्त्वाचे नसते, वारसा महत्त्वाचा असतो. मग त्यांनी चार लोकांना गोळा करून नाणे समजावले. माणसाच्या दुसऱ्या हातात निशाण आहे ना? निशाणावर बघा, क्रूसासारखी खूण. क्रूस, जहाज, गोवा. मग हे कोणाचे? पोर्तुगीजांचे. जहाजातून उतरणारा हा त्यांचा कोणी कप्तान, मागे बसलेली देवदूत, आणि हातात? नानासरांनी चष्मा कपाळावर चढवला. “हातात अर्थातच पोपट.”

“कोंबो तो!” आत्ये मागून म्हणाली. “तुरो दिसना नाय? पोपटाक तुरो आसता?”

लोक हसले. कोणाला हसले ते मी सांगायला नको. आत्येने फातीवर हात ठेवला आणि स्कूटरकडे चालू लागली. दुपारच्या रोसात मीठ जास्त झाले.

आता मला विचाराल तर आरोपी सापडला होता, फक्त पुरावा हवा होता. मी त्याच दुपारी पुन्हा डिचोली गाठली, सभागृहात जेवणाची सुट्टी होती. लहानपणी आपण सगळ्यांनी केलेले असते तेच केले: नाण्यावर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. कागद म्हणजे बसच्या पत्रकाची कोरी बाजू. होडी आली, माणूस आला, निशाण, पक्षी, सुकाणूवरची बाई, कडेची काही अक्षरे. खाली मात्र गोंदाचे ढेकूळ. मागची बाजू फळीला चिकटलेली, तिचा फोटो आत्येने कधीतरी माझ्या फोनवर काढून घेतला होता, कारण तिला ती बाई आहे हे काकांना बोटीवर दाखवायचे होते. हे सगळे घेऊन मी पणजीला गेले.

पणजीला एक बाई राहत. जन्मभर जुन्या नाण्यांवर काम केलेल्या, आता निवृत्त. पत्ता कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडमनी दिला, आणि सांगितले की पायरीवर चपला नीट लाव, नाहीतर आत घेत नाहीत. मी चपला नीट लावल्या. बाईंनी फोनमधला चेहरा पाहिला, मग माझे पत्रक उलटेसुलटे करून पाहिले. आधी छापील बाजू वाचली. “बस थांबते का आता?” मी नाही म्हटले. “हं,” त्या म्हणाल्या आणि भिंग काढले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. खिडकीखालून पाववाला गेला, शेजारी कोणीतरी खुर्च्या ओढल्या. बाई भिंगातून न हलता म्हणाल्या, “हे पोर्तुगीज म्हणणारा माणूस कोण?”

“अध्यक्ष.”

“मग ठीक. हे बघ, हा बाप्या आहे. बाई नव्हे. डोक्याला आहे तो मोत्यांचा पट्टा, रोमच्या बादशहाचा. पोर्तुगीज ह्या किनाऱ्यावर यायच्या हजार वर्षे आधीचा माणूस, हजाराहूनही जास्त. अक्षरे वाच. सी, ओ, एन, एस, टी... पुढे?”

“ए, एन, एस.”

“कॉन्स्टन्स. बापाचे नाव कॉन्स्टन्टाइन, भावांची कॉन्स्टन्टाइन आणि कॉन्स्टन्शियस. ह्या घराने आमच्यासारख्यांचे आयुष्य कठीण केले. नाण्याची कड जरा झिजली की कुठला भाऊ कळत नाही. तुझे नशीब, शेवट शाबूत आहे.” मग त्यांनी नाणे पालथे केल्यासारखा कागद उलटला. “हाच बादशहा जहाजात उभा. हातात निशाण, त्यावर ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे एकात एक घातलेली. ते तुमच्या अध्यक्षांना क्रूसासारखे दिसले. मागे सुकाणूवर विजयाची देवी. तो पदर नव्हे, पंख. आणि दुसऱ्या हातातला पक्षी...”

“कोंबो नाही ना?” मी घाबरत विचारले. माझ्यासाठी नव्हे. आत्येला काय सांगायचे, म्हणून.

“नाही. पण पोपटही नाही.” बाई पहिल्यांदा हसल्या. “तो स्वतःला जाळून घेतो आणि राखेतून पुन्हा उठतो, असे ते लोक मानत. डोक्याभोवती किरण आहेत, तो तुमचा तुरा. कडेला लिहिले आहे त्याचा अर्थ, सुखाचे दिवस परत आले.”

“म्हणजे सरकारी जाहिरात!”

“पत्रकच. फक्त तांब्याचे.”

मी त्यांना म्हटले, मग लिहून द्या, मी आजच छापते. बाईंनी भिंग मिटले. नाही म्हणाल्या. असे जहाज साम्राज्यातल्या बऱ्याच टांकसाळींनी पाडले. कुठले नाणे कुठे पाडले ते जहाजाखाली दोन-चार अक्षरांत कोरतात. रोमचे असेल तर एक, थेस्सलोनिकाचे असेल तर दुसरे. आणि तेच तुमच्या मंडळाने गोंदाखाली पुरले आहे. अर्धवट ओळखीवर त्या सही करणार नव्हत्या, आणि सहीशिवाय नानासर कार्ड बदलणार नव्हते. नाणे सोडवून दाखवा, मी उद्या डिचोलीला येते, म्हणाल्या. “आणि ऐक. खरवडायचे नाही. कोमट पाण्याने गोंद मऊ होतो. कोमट. उकळते नव्हे.”

मी नानासरांना फोन केला. ते म्हणाले, प्रदर्शन संपेपर्यंत फळीला हात लागणार नाही, आणि संपल्यावर अर्थातच मंडळाची समिती विचार करील. मी त्या रात्री जे पत्रक लिहिले ते माझ्या आयुष्यातले सर्वांत जळजळीत पत्रक होते. मथळा: ‘वारशाला गोंद फासणाऱ्यांनो, जाब द्या!’ ते आजही मला आवडते. पण वाटायची वेळ आली नाही, कारण सकाळी आत्ये गाडा बंद ठेवून, तीच नवी साडी नेसून अंगणात उभी. हातात गाड्यावरची मोठी पितळी किटली, तोंडाला केळीचे पान बांधलेले.

“चा कोणाक?” बाबांनी विचारले.

“चा न्हय. पाणी. कडकडीत तापयलंय. तू सावकाश चलय. डिचोली येयसर कोमट जाता.”

बाबा आयुष्यात पहिल्यांदा सावकाश गेले. अस्नोड्याला एका म्हशीने आम्हाला मागे टाकले.

रविवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, प्रमाणपत्रे वाटायची होती, म्हणून गर्दी. पणजीच्या बाई पुढच्या रांगेत, पिशवी मांडीवर. मंचावर नानासर बोलत होते. आत्ये किटली घेऊन दारातून आत आली आणि कोणीही तिला अडवले नाही. का? सांगते. स्वयंसेवकाने तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “चहा मागच्या दाराने गे. कोप तिथे ठेवलेत.” नाण्याची मालकीण म्हणून तिला टेबलापाशी पाच मिनिटे उभे राहू दिले नव्हते. चहावाली म्हणून तिला वाट करून दिली. लोक बाजूला सरले! मी मागून चालत होते.

आत्ये टेबलापाशी थांबली, केळीचे पान काढले, आत करंगळी बुडवून पाहिली, आणि फळीवर धार धरली.

“अहो बाई! हे काय करताय?” नानासर माईकमध्येच ओरडले, त्यामुळे ते बाहेर रस्त्यावरही ऐकू गेले.

“न्हाण घालतंय, सर. चवथ इली जवळ.”

मखमल स्वस्तातली होती. तिचा लाल रंग सुटला, पाण्याबरोबर टेबलभर पसरला, कडेवरून खाली ओघळला, आणि मंचावरून धावत आलेल्या नानासरांच्या पांढऱ्या झब्ब्याने तो मोठ्या मनाने टिपून घेतला. कुलपे, कंदील, पानाचे डबे गुलाबी झाले. कोणी म्हणाले पोलिसांना बोलवा, कोणी म्हणाले फोटो काढा. बाबा दारात उभे राहून ओळख नसल्यासारखे दाखवत होते. आत्ये शांतपणे ओतत होती, अंगठ्याने गोंद चाचपत, अगदी तिसरे धुताना चाचपते तशी. आणि गोंद फुगला, सायीसारखा सुटला, नाणे तिच्या तळहातावर आले.

तोवर बाई टेबलापाशी पोचल्या होत्या. त्यांनी रुमालाने नाणे टिपले, खिडकीशी नेले, भिंग लावले. नानासर झब्बा पिळत मागे उभे. मला वाटते त्या वेळी सगळ्यांनाच, नानासरांनासुद्धा, खरोखर जाणून घ्यायचे होते की त्या होडीखाली काय आहे.

“एस, आय, एस,” बाई म्हणाल्या. “आधी एक ग्रीक अक्षर, टांकसाळीतल्या कारखान्याचे. सिसिया! अगं, हे सिसियाचे आहे!” त्या माझा दंड धरून हलवत होत्या. “दक्षिणेकडे रोमची बारीक तांब्याची नाणी सापडतात, पण ती बहुतेक पूर्वेकडच्या टांकसाळींची. सिसिया म्हणजे पार युरोपात आत, आजच्या क्रोएशियात. समुद्र लांब. नदीकाठचे गाव. तिथले, एवढे मोठे, जहाजवाले नाणे ह्या किनाऱ्यावर मी तरी पाहिले नाही.”

“न्हंयकाठचो गाव?” आत्येने विचारले. “तिसरे मेळतत थंय?”

“चौकशी करावी लागेल,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. मग त्यांनी आत्येला खुर्चीवर बसवले आणि सगळे सांगितले, बादशहा, मोत्यांचा पट्टा, पंख, निशाण. बादशहावर आत्येने थोडी हुज्जत घातली. “बापयो आणि फाती माळता?” पंख तिने मान्य केले. पण पक्षी जळतो आणि राखेतून उठतो हे ऐकल्यावर ती खुर्चीत पुढे सरकली.

“बाई, तुम्ही शिकलेली. पण इतक्या वर्सांत इतके कोंबे भाजलंय मिया. एक पण परत उठलो नाय.”

आधी बाई हसल्या, मग सगळे सभागृह, मग दारातले बाबा, ज्यांना एकदम आपली बहीण ओळखू यायला लागली. या वेळी ते हसणे आत्येवर नव्हते. मी ते नीट ऐकून ठेवले आहे.

आणि त्या हसण्यातच, वाचकहो, दुसरा अन्याय उरकला गेला. नानासर लालगुलाबी झब्ब्यात मंचावर चढले आणि माईकवर म्हणाले, “आमच्या मंडळाने आज अर्थातच एक दुर्मीळ रोमन नाणे उजेडात आणले आहे!” टाळ्या. बाईंनी सही केली, सरकारदरबारी नोंद झाली. बाईंनीच आत्येला समजावले की अशी वस्तू चुलीवरच्या फळीवर ठेवू नये, सगळ्यांना बघता येईल अशी काचेत असावी. आत्येने डोळे मिटले, राखणदाराला विचारले, आणि नाणे मंडळाच्या खोलीत कायमचे ठेवायला दिले. अट तीच. माझा नाव लिवा. नानासर तीच मान हलवून तेच म्हणाले.

नवे कार्ड लागले ते मी पाहिले आहे. ‘कॉन्स्टन्स बादशहाचे रोमन नाणे. टांकसाळ सिसिया. जहाजात उभा बादशहा, हाती अमर पक्षी. मंडळाच्या संशोधनातून. दाता: एक ग्रामीण महिला.’ ‘अज्ञात’पासून ‘एक ग्रामीण महिला’पर्यंत आम्ही आलो, याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणा. मी तक्रार केली. म्हणाले, पुढच्या छपाईत. पुढच्या छपाईत म्हणाले, समितीची बैठक होऊ द्या. नानासर आता थकले, त्यांच्या जागी दुसरे आले. ते सभ्य आहेत, मला चहा देतात, आणि म्हणतात, काय करणार, कार्ड लॅमिनेट केले आहे. सिसियाच्या टांकसाळीने धातूवर ठोकलेली अक्षरे आम्ही एका किटलीने मोकळी केली, आणि एका प्लास्टिकच्या पापुद्र्यापुढे मी इतकी वर्षे अर्ज करते आहे. आत्येचे गुडघे गेलेत. चिखलात उतरत नाही, गाडा भाडेकरूकडे आहे. मी डिचोलीला जाऊन आले की ती एवढेच विचारते, “लिवला?” मी नाही म्हणते. ती म्हणते, “बरां. जेव.”

मी एकटी गेले की ते मला ओळखतात. चहा येतो आणि विषय बदलतो. म्हणून आता तुम्ही जा. डिचोलीला तुमचे काही काम निघेलच, नाही निघाले तर काढा. बाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर, दुपारची सुट्टी सोडून खोली उघडी असते. काचेशी उभे राहा, कार्ड शेवटपर्यंत वाचा, मग टेबलामागच्या माणसाला मोठ्याने विचारा: ही ग्रामीण महिला कोण? तो ‘माहीत नाही’ म्हणाला तर त्याला सांगा, शेवंती परब, धारगळ. सांगून निघून येऊ नका. तो पेन उचलेपर्यंत तिथेच बसा.